जांगड

गणपती पेठेतलं दुकान मार्केट यार्डात हललं
तेव्हा भूपाल मगदुमांनी सोबत आणली
एक गादी, तांबड्या बांधणीच्या चार वह्या
आणि कुठल्याच बिलावर छापून येत नाहीत असे शब्द.

मी टॅली शिकून आलेली.
पहिल्या दिवशी म्हणाले, आधी शिंकून घे.
हळदीत एकदा पोटभर शिंकावं,
मग नाक जन्मभर गप्प बसतं.

मग शब्द.
इसार : रक्कम लहान, गाठ मोठी.
वटाव : उद्याच्या शंभरातले आज सोडलेले दोन.
अडत म्हणजे दोघांच्या मध्ये उभं राहण्याचं भाडं,
पाय दुखले तरी वाढत नाही.
कडता म्हणजे पोतं, माती,
आणि त्यांच्या आडोशानं मुकाट गेलेलं थोडं.
आणि हे बघ पोरी,
घट वेगळी, तूट वेगळी.
घट उन्हानं होते, तूट माणसानं.
एका रकान्यात घालायची नाहीत.

सौद्याला काडाप्पा पोतं उपडं करायचा.
खरेदीदार वाकायचे, हळकुंड उचलायचे,
कट्‌कन मोडून उजेडात धरायचे,
आत किती केशर आहे ते बघायला.
मोडलेले तुकडे पायाशी.
संध्याकाळी झाडूवाली ते गोळा करायची,
त्यालाही भाव होता, फक्त बोली नव्हती.

सहाव्या वर्षी रॉटरडॅमहून मेल आला.
लीड टाइम किती, मिनिमम ऑर्डर किती,
भाव बंदरापर्यंतचा की दारापर्यंतचा,
आणि पाच पोती राजापुरी
ऑन अप्रूव्हल पाठवता येतील का.
मी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.
मगदूमकाका हसले, दात नसलेलं हसू.
अगं, जांगड म्हणतोय तो!
एवढ्या लांबून येऊन शेवटी जांगडच!
पसंत पडला तर पट्टी, नाही तर माल परत.
ही विक्री नव्हे. कुणाच्या नावे टाकायची नाही.
जांगडवहीत लिही. पेन्सिलीनं.

पेन्सिल हातात घेऊन मी बसून राहिले.

मलाही नेलं होतं मिरजेला,
किल्ला भागात, दोन खोल्या, सात महिने.
मोडून पाहिलं. उजेडात धरलं.
मग एका मंगळवारी रिक्षातून आणून सोडलं
ट्रंकेसकट.
दादांनी अंगणातच भांडी मोजली,
एक तांब्या कमी भरला.
त्या तांब्यावरून दोन्हीकडचे मिळून तीन फोन झाले.
माझ्यावरून एकही नाही.

लिहिलंस का, काकांनी विचारलं.
मी म्हटलं, जांगड माल असतो कुणाचा?
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
ज्याचा होता त्याचाच की.
गेला म्हणजे विकला, असं थोडंच आहे?
आणि परत येताना घटला असेल तर?
उन्हानं, का माणसानं?

मी काही बोलले नाही.
त्यांनी समोरचा काटा शून्यावर आणला,
दोनदा.
पारड्यात काहीच नव्हतं.

दुपारी उत्तर टाईप केलं.
लीड टाइम एकवीस दिवस.
भाव बंदरापर्यंतचा, पुढचं तुमचं तुम्ही.
पाच पोती पाठवणार नाही.
नमुना तीन किलो, सोबतच्या पत्रासह.
पसंत न पडल्यास परत पाठवू नये,
तिथंच कुणाच्या तरी स्वयंपाकात लागू द्यावा.
हिशेबात आम्ही तो धरलेला आहे.

प्रिंट काढली, पत्राखाली सही केली,
पेनानं.
बाहेर काडाप्पानं पोतं उपडं केलं
आणि सहा वर्षांनी
मला शिंक आली.